विंडोजमधील संरक्षित फायलींची राखण

विंडोज ९५ च्या काळात नवा प्रोग्राम आपल्यासोबत आणलेल्या डीएलएल फायली (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या) थेट सिस्टिम फोल्डरमध्ये टाकी. तिथल्या नव्या आवृत्तीवर कधी जुनी चढे आणि कालपर्यंत नीट चालणारा दुसराच प्रोग्राम बंद पडे. विंडोज ९८ मध्ये अशा फायली तपासणारे सिस्टिम फाइल चेकर आले, पण ते वापरणाऱ्याने आठवणीने चालवावे लागे. खरा बदल विंडोज २००० ने केला आणि २००१ मध्ये एक्सपीबरोबर तो घरोघरी पोचला. संरक्षित सिस्टिम फाइल बदलली गेली, की यंत्रणा आपोआप तिची डिजिटल सही पडताळी. सही जुळली नाही तर ‘डीएलएलकॅश’ फोल्डरमधली मूळ प्रत परत जागेवर ठेवी. तिथेही प्रत नसली, तर पडद्यावर विंडोजची सीडी मागणारी चौकट येई. रजिस्ट्रीतील एक नोंद बदलून ‘डीएलएलकॅश’चा साठा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येई. लहान डिस्कच्या त्या दिवसांत ही सोय मोलाची होती. तरीही मूळ प्रत परत ठेवण्याचा हा इलाज फाइल बिघडल्यानंतरचाच. व्हिस्टाने फायलींची मालकीच ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्याच सेवेकडे दिली, त्यामुळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही त्या परस्पर बदलता येईनात. मूळ प्रती विनएसएक्सएस फोल्डरमध्ये गेल्या. तो साठाच बिघडला तर चालू संगणकावर तो दुरुस्त करणारी डिस्म या साधनाची आज्ञा २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मिळाली.