जपान एअरलाइन्सची प्रवासी विमाने आणि आसनव्यवस्था

क्योतो शहराला स्वतःचा विमानतळ नाही. ओसाकाच्या उपसागरात भराव घालून बांधलेला, १९९४ साली सुरू झालेला कान्साई विमानतळ आणि देशांतर्गत उड्डाणांचा इतामी विमानतळ ही या शहराची हवाई प्रवेशद्वारे होत. असे असूनही जपान एअरलाइन्सच्या आजच्या जडणघडणीत क्योतोचा वाटा मोठा आहे.

१९ जानेवारी २०१० रोजी ही कंपनी सुमारे २.३ लाख कोटी येनच्या देण्यांसह दिवाळखोरीत गेली. बोइंग ७४७ विमानांचा जगातील सर्वांत मोठा ताफा एकेकाळी तिच्याकडे होता. क्योतोतील क्योसेरा उद्योगाचे संस्थापक काझुओ इनामोरी यांनी वयाच्या ७८व्या वर्षी, विनावेतन, तिचे अध्यक्षपद स्वीकारले आणि प्रत्येक उड्डाणाचा जमाखर्च स्वतंत्रपणे मांडण्याची शिस्त लावली. मार्च २०११ मध्ये ७४७ विमाने सेवेतून निवृत्त झाली. पुनर्रचनेत सुमारे १६,००० नोकऱ्याही गेल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीचे समभाग तोक्यो शेअर बाजारात परतले.

आंतरराष्ट्रीय मार्गांवरील प्रमुख विमाने

• बोइंग ७८७-८ : १८६ आसनांच्या रचनेत बिझनेस ३०, इकॉनॉमी १५६.
• बोइंग ७८७-९ : रचनेनुसार १९५ ते २३९ आसने, प्रीमियम इकॉनॉमीचा वर्गही उपलब्ध.
• बोइंग ७७७-३००ईआर : २४४ आसने, फर्स्ट ८, बिझनेस ४९, प्रीमियम इकॉनॉमी ४०, इकॉनॉमी १४७.
• एअरबस ए३५०-१००० : २३९ आसने, फर्स्ट ६, बिझनेस ५४, प्रीमियम इकॉनॉमी २४, इकॉनॉमी १५५. जानेवारी २०२४ मध्ये हानेदा–न्यूयॉर्क मार्गावर हे प्रथम दाखल झाले.

एका ओळीत आठ की नऊ?

बहुतेक विमानकंपन्या ७८७च्या इकॉनॉमी वर्गात एका ओळीत ३-३-३ अशी नऊ आसने बसवतात. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २-४-२ अशी आठच ठेवली. प्रत्येक ओळीमागे एका तिकिटाचे उत्पन्न सोडल्यामुळे आसनाची रुंदी वाढते. याउलट, तासा-दीड तासाच्या देशांतर्गत उड्डाणांसाठी याच कंपनीच्या ७८७-८मध्ये २९१ आसने आहेत. विमान तेच, आसनसंख्या मात्र मार्ग आणि अपेक्षित प्रवासी पाहून ठरते.

७८७शी क्योतोचे आणखी एक नाते आहे. त्याच्या लिथियम-आयन बॅटऱ्या क्योतोच्या जीएस युआसा कंपनीच्या. ७ जानेवारी २०१३ रोजी बॉस्टन येथे उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातील बॅटरीने पेट घेतला. त्याच महिन्यात दुसऱ्या एका जपानी कंपनीच्या विमानातही बॅटरी बिघडली आणि जगभरातील ७८७ जमिनीवर आली. बॅटरीची रचना बदलून तिला पोलादी कवच दिल्यावरच, एप्रिलमध्ये, उड्डाणांना पुन्हा मान्यता मिळाली.

भारतातून दिल्ली आणि बंगळुरू या शहरांना ही कंपनी तोक्योशी जोडते; तोक्योहून क्योतो शिंकान्सेनने सव्वादोन तासांवर आहे. तिकिटावर केवळ विमानाचे नाव पाहून आसनाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. त्या उड्डाणाचा आसन-नकाशा पाहिल्यावरच ओळीत आठ जण बसणार की नऊ, हे कळते.