भंडारा जिल्ह्यातील ऋतुमान, पाणी आणि तेलबिया : सूर्यफुलाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशात कोणते पीक रुजावे याचे उत्तर सामान्यतः हवामानात शोधले जाते. सूर्यफूल हे पीक या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. दिवसाच्या लांबीचा त्यावर विशेष परिणाम होत नसल्यामुळे ते खरीप, रब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत घेता येते. तरीही महाराष्ट्रात ते प्रामुख्याने लातूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) व सोलापूर या भागांत स्थिरावले. भंडारा जिल्ह्याचे ते प्रमुख पीक कधीच होऊ शकले नाही. प्रस्तुत निबंधात या घटनेची कारणे ऋतुमान, जलव्यवस्था आणि बाजारपेठ या तीन घटकांच्या आधारे तपासण्यात आली आहेत.

धानाचे ऋतुचक्र

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा धानाचा प्रदेश आहे. मृगात पऱ्हे टाकणे, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी आणि हस्ताच्या पावसावर भारी धानाचे भवितव्य, असे येथील कृषिजीवनाचे चक्र आहे. बांधीत पाणी साठविणे हा धानशेतीचा पाया होय. याउलट सूर्यफुलाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. फुलोऱ्याच्या वेळी सततचा पाऊस असल्यास मधमाश्यांचा वावर थांबतो, परागकण धुऊन जातात आणि दाणे पोकळ राहतात. त्यामुळे खरिपात या पिकाला येथे फारसा वाव उरत नाही.

धान निघाल्यानंतरची ओल वापरण्याची युक्ती शेतकऱ्यांनी पूर्वापार साधली होती. उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस फेकून पेरण्याच्या या पद्धतीस उतेरा म्हणतात. यात नांगरणी लागत नाही व पाणीही द्यावे लागत नाही. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग या भागातून गेल्यावर शेतमालाला दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. सूर्यफुलाला मात्र भुसभुशीत जमीन हवी. चिखलणीनंतर घट्ट झालेली बांधी नांगरून तयार होईपर्यंत जमिनीतील ओल उडून जाते. म्हणजेच तेलबियांची जागा रिकामी नव्हती. ऋतूशी जुळवून घेतलेले जवस तेथे आधीपासूनच होते.

तलाव आणि हक्क

पावसाचा लहरीपणा झेलण्यासाठी या प्रदेशात तलाव व बोड्यांचे जाळे उभे राहिले. तलावबांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य विशेष प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी मध्य प्रांतात मालगुजारांना मालकी हक्क दिले आणि बहुतेक तलाव त्यांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्यान्वये हे हक्क संपुष्टात आणण्यात आले व तलाव शासनाकडे गेले. आज ते 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून ओळखले जातात. सरंजामी मालकी संपली हे इष्टच झाले. परंतु पाळ दुरुस्त करण्याची आणि गाळ काढण्याची गावपातळीवरील जबाबदारीही त्याबरोबर सैल झाली. अनेक तलावांची साठवणक्षमता घटली. जे पाणी धानाला शेवटची ओलित देण्यासही अपुरे पडू लागले, ते दुसऱ्या पिकासाठी शिल्लक राहणे कठीण होते.

सूर्यफुलाचे आगमन

मूळ उत्तर अमेरिकेतील हे फूल सोळाव्या शतकात युरोपात गेले. रशियात त्याच्या अधिक तेल देणाऱ्या जाती विकसित झाल्या. भारतात १९६९ च्या सुमारास सोव्हिएत जातींच्या साहाय्याने तेलबिया म्हणून त्याची लागवड सुरू झाली. १९८० मध्ये बंगळूर येथील संशोधनातून 'बीएसएच-१' हा संकरित वाण प्रसारित झाला आणि १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने या पिकास चालना दिली.

भंडाऱ्यात उन्हाळी हंगाम हाच त्याला खरा पर्याय होता. मात्र पेरणी लांबल्यास फुलोरा विदर्भाच्या कडक उन्हात सापडतो. दाणे नीट भरत नाहीत व तेलाचे प्रमाण घटते. जानेवारी-फेब्रुवारीत वेळेवर पेरणी आणि फुलोऱ्यात खात्रीचे ओलित या दोन्ही अटी पाळणे आवश्यक ठरते. जेथे असे पाणी उपलब्ध झाले, तेथे शेतकऱ्यांनी उन्हाळी धानाची निवड केली. उन्हाळी धानास सूर्यफुलापेक्षा कितीतरी अधिक पाणी लागते हे त्यांना ठाऊक होते. परंतु धानाला आधारभूत किमतीची खरेदी केंद्रे होती. सूर्यफुलाला तशी हमी नव्हती. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाल्यानंतर देशी तेलबियांचे आकर्षण आणखी ओसरले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ऋतुमानाने सूर्यफुलासाठी भंडाऱ्यात एक अरुंद वाट ठेवली होती. ती बंद करण्याचे काम पाण्याच्या व्यवस्थेने आणि खरेदीच्या धोरणाने केले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे सूर्यफूल तेलाचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा आयातीवरील अवलंबित्वाची किंमत देशातील प्रत्येक स्वयंपाकघराला कळली. तेलबियांचे क्षेत्र वाढविण्याची भाषा अशा वेळी पुन्हा होते. परंतु तलावांतील गाळ आणि खरेदीची हमी हे प्रश्न बाजूला ठेवून केवळ बियाणे वाटल्यास पूर्वीचाच अनुभव पुन्हा येण्याची शक्यता आहे. शेतकऱ्याने नवे पीक नाकारले तर त्यास परंपरावादी ठरविण्यापूर्वी त्याच्या बांधीतील पाण्याचा इतिहास अभ्यासणे अगत्याचे आहे.