साहेबाची शिकार, आबांचा हाका

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कॉलवर आमचा टेक्सासचा सहकारी सुट्टीचं सांगत होता. आठ तास गाडी चालवत एका आडगावच्या रँचवर जायचं आणि हरणाची शिकार करायची. लायसन्स काढून झालं, खोली बुक झाली. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे असतं का असं काही? मी पांढरकवड्याकडचा. "बेकायदेशीर आहे" एवढंच बोलून विषय संपवला. पण रात्री आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना फोन केला, आणि आजचा भाग तिथून सुरू झाला.

समजा साल 1900 आहे आणि तुम्ही इंग्रज अधिकारी आहात. जिल्ह्याचं नाव अजून यवतमाळ नाही, वणीवरून पडलेलं 'वूण' आहे. ते 1905 ला बदललं. रेल्वेने धामणगावला उतरायचं आणि पुढे सगळा बैलांचा कारभार. तंबू, खाटा, खानसामा, काडतुसांच्या पेट्या, सगळं बंड्यांवर लादलेलं. राखीव जंगलात बंदूक चालवायची तर जंगल खात्याचा परवाना. हे झालं कागदावरचं प्लॅनिंग. खरं प्लॅनिंग गावात व्हायचं. पाटलाला निरोप जायचा, कोतवाल दवंडी द्यायचा. दूध, कोंबड्या, बैलांना कडबा, सरपण आणि माणसं. पैसे मिळाले तर मिळाले, नाहीतर वेठ.

माणसं कशाला? हाक्याला. जंगलाच्या एका टोकाला साहेब मचाणावर. दुसऱ्या टोकाकडून गावकऱ्यांची रांग डबे बडवत, ओरडत यायची. जनावर बाजूने निसटू नये म्हणून काही जण कडेच्या झाडांवर बसवलेले. चितळ तिकडे वळलं की त्यांनी नुसती फांदी वाजवायची. काळविटाचं तंत्र वेगळं. ते उघड्या माळावर राहतं, माणूस दिसला की पळतं, पण बैलबंडीला बुजत नाही. म्हणून शिकारी बंडीच्या आडोशाने चालत जवळ जायचा.

आणि हीच युक्ती पारध्यांची! फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आड सरकत हरणांजवळ जायचे आणि त्यांना मांडलेल्या फाशांकडे वळवायचे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात याचं वर्णन आहे. साहेबाने केलं तर तो खेळ. पारध्यांच्या बाबतीत काय झालं? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे देशभर पसरला आणि अनेक ठिकाणच्या पारध्यांवर जन्मतःच शिक्का बसला. तो कायदा 1952 ला गेला. शिक्का गेला का, ते आमच्याकडच्या कुठल्याही बाजारात उभं राहून बघा.

स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली असेल असं मला वाटायचं. उलट तिचं पॅकेज झालं. नागपूरला ऑल्विन कूपर नावाची कंपनी होती, परदेशी शिकाऱ्यांना मध्य भारतातल्या जंगलात न्यायची. ती सुरू करणारे विद्याचरण शुक्ल. हो, तेच, आणीबाणीतले माहिती आणि प्रसारण मंत्री.

आबा साठच्या दशकात पंधरा-सोळा वर्षांचे होते. कुण्या बाहेरच्या पार्टीसाठी ते दोनदा हाक्याला गेले. कंपनी कोणती, साहेब कुठला, त्यांना कोणी सांगितलंच नाही. रुपया मिळाला आणि मांसाचा वाटा. एवढंच म्हणाले, "साहेबाचा नेम चुकला का शिव्या हाक्यावाल्याले." शिकारीच्या जुन्या पुस्तकांत चितळाच्या शिंगांची लांबी इंचात मिळते. हाकणाऱ्यांची नावं शोधून बघा.

1972 ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. गंमत म्हणजे त्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. ती 1991 च्या दुरुस्तीत निघाली. 1997 ला आमच्याकडे टिपेश्वर अभयारण्य झालं, जवळपास 148 चौरस किलोमीटर. मला ते मनापासून आवडतं. पण चितळाला अभयारण्याची हद्द कळत नाही आणि हरभरा कोवळा असतो. रोही आणि डुक्कर पिकात शिरले तर मारायची परवानगी 2015 पासून मागता येते, चितळासाठी नाही. अमेरिकेत 1937 पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी जातो. इथे चितळ पोसण्याचा खर्च ज्याचं शेत कडेला, त्याचा.

म्हणून जागल. काका आजही हिवाळ्यात रात्रभर शेतातल्या मचाणावर बसतो. बॅटरी, डबा, फटाके. तसंच मचाण, तेच डबे बडवणं, फक्त बंदूक नाही. हरणामागे वाघ येतो हेही त्याला माहीत आहे. अवनी वाघिणीवर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. 2 नोव्हेंबर 2018 ला राळेगाव तालुक्यात तिला गोळी घातली, तोवर काकू त्याला संध्याकाळनंतर घराबाहेर पडू देत नव्हती. त्या वर्षी हरभरा घरी किती आला, हे मी विचारलं नाही.

टेक्सासवाला रिकाम्या हाताने परतला. तीन दिवसांत एक हरीण दिसलं, तेही लांबून. मी त्याला लिहिलं, आमच्याकडे ये, परवाना मिळणार नाही, पण काकाच्या मचाणावर जागा आहे आणि चितळं वीस पावलांवर येतात. त्याने विचारलं, सोबत काय आणू?

बॅटरी, म्हटलं. आणि आवाज मोठा ठेव.