एकच पुस्तक, कुणाला मोकळं करणारं, कुणाला हादरवणारं: बीडीएसएम कादंबऱ्यांवर वाचकांची मतं इतकी का फाटतात?

जून १९५४. पॅरिसमधल्या झाँ-झाक पोव्हेर या तरुण प्रकाशकाने एक छोटेखानी कादंबरी बाजारात आणली. नाव होतं 'इस्त्वार द'ओ', म्हणजे 'ओ'ची कहाणी. लेखिका म्हणून पॉलिन रेआज हे नाव छापलं होतं. पण या नावाच्या बाईला पॅरिसच्या साहित्यवर्तुळात कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

कादंबरीची नायिका ओ ही फॅशन फोटोग्राफर. प्रियकरावरच्या प्रेमापोटी ती आधी त्याच्या आणि पुढे दुसऱ्या एका पुरुषाच्या पूर्ण ताब्यात स्वतःला देऊन टाकते. साखळ्या, चाबूक, आज्ञा, शिक्षा हे सगळं यात आहे. भाषा मात्र थंड, नेमकी आणि जराही अश्लील शब्द न वापरणारी.

१९५५ मध्ये या पुस्तकाला 'द माॅगो' हा फ्रान्समधला नावाजलेला साहित्य पुरस्कार मिळाला. दुसरीकडे सरकारने त्याच्या जाहिरातीवर आणि अल्पवयीनांना विकण्यावर बंदी घातली. एकाच पुस्तकाला एका हाताने पुरस्कार आणि दुसऱ्या हाताने बंदी.

सत्तर वर्षं झाली तरी हा वाद मिटलेला नाही. असं एखादं पुस्तक कुणाला सुंदर वाटतं, कुणाला किळसवाणं, कुणाला धोकादायक, तर कुणाला नुसतं कंटाळवाणं. असं का होतं?

आधी शब्द समजून घेऊ

बीडीएसएम हे बाँडेज, डिसिप्लिन, डॉमिनन्स, सबमिशन, सेडिझम आणि मॅसोकिझम या शब्दांवरून तयार झालेलं संक्षिप्त रूप आहे. बांधणं, शिस्त लावणं, वर्चस्व गाजवणं, शरण जाणं, वेदना देण्यात किंवा सोसण्यात सुख मिळणं, असा त्याचा ढोबळ अर्थ.

यातले दोन शब्द थेट कादंबरीकारांच्या नावांवरून आले आहेत. सेडिझम हा शब्द फ्रेंच लेखक मार्की द साद यांच्यावरून आला, तर मॅसोकिझम हा 'व्हीनस इन फर्स' (१८७०) लिहिणाऱ्या लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख यांच्यावरून. दुसरा शब्द रूढ केला तो ऑस्ट्रियातले मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांनी, तेही माझोख जिवंत असताना. म्हणजे एका लेखकाची कादंबरी वाचून त्याचं आडनाव आजाराला दिलं गेलं. अशा पुस्तकांवरून माणसाची पारख करण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

प्रत्यक्षात बीडीएसएम करणारे लोक एका गोष्टीवर भर देतात, ती म्हणजे संमती. आधी बोलून मर्यादा ठरवायच्या आणि ठरलेला शब्द, म्हणजे सेफवर्ड, उच्चारला की सगळं तिथेच थांबवायचं. संमती नसेल तर तो हिंसाचार. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे बहुतेक वाद याच रेषेभोवती फिरतात.

'ओ'ची चार वाचनं

पहिलं वाचन झाँ पोलाँ यांचं. फ्रेंच साहित्यातलं हे वजनदार नाव. त्यांनी या कादंबरीला प्रस्तावना लिहिली आणि गुलामीतल्या सुखाबद्दल आपलं म्हणणं मांडलं. हे स्त्रीच्या मनातलं खरं बोलणं आहे, असा त्यांचा सूर होता.

दुसरं वाचन अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांचं. १९६७ मध्ये लिहिलेल्या एका दीर्घ निबंधात त्यांनी ही कादंबरी साहित्य म्हणून गंभीरपणे वाचली. स्वतःला पुसून टाकण्याची ओढ संतांच्या आणि भक्तांच्या चरित्रांतही दिसते आणि 'ओ' त्याच वाटेवरची आहे, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं.

तिसरं वाचन अँड्रिया ड्वॉर्किन यांचं. 'वुमन हेटिंग' (१९७४) या पुस्तकात त्यांनी 'ओ'वर एक प्रकरण लिहिलं आणि ही कादंबरी स्त्रीद्वेषाचा नमुना असल्याचं मांडलं. बाईला संपवण्याच्या प्रक्रियेला प्रेमाचं नाव दिलं आहे, हा त्यांचा आक्षेप.

चौथं वाचन सगळ्यात अनपेक्षित. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बीडीएसएम करणाऱ्या लेस्बियन स्त्रियांची एक संघटना उभी राहिली. या स्त्रीवादी संघटनेने आपलं नाव ठेवलं 'सामुआ', म्हणजे 'ओ'च्या कादंबरीत एका स्त्रीचं घर जिथे आहे त्या गावाचं नाव. ज्या पुस्तकात ड्वॉर्किन यांना गुलामी दिसली, त्याच पुस्तकातून या स्त्रियांनी आपली ओळख घेतली. दोन्ही बाजू स्वतःला स्त्रीवादीच म्हणत होत्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत या प्रश्नावर स्त्रीवादी चळवळ उभी चिरली गेली.

लेखिका कळली आणि वाचन बदललं

'ओ' प्रसिद्ध झाल्यावर अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं की हे पुरुषानेच लिहिलंय. चाळीस वर्षं अंदाज बांधले गेले.

१९९४ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, डॉमिनिक ओरी यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकातून आपणच लेखिका असल्याचं उघड केलं. ओरी हेही टोपणनावच. खरं नाव आन देक्लो. त्या गालिमार या बड्या प्रकाशन संस्थेत संपादक होत्या. ही कादंबरी त्यांनी आपला प्रियकर झाँ पोलाँ यांच्यासाठी लिहिली होती, तेच प्रस्तावनाकार पोलाँ. एखादी बाई असं काही लिहू शकेल का, या त्यांच्या शंकेला ते उत्तर होतं. प्रियकर दुरावेल ही भीतीही त्यामागे होती.

पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. तरी 'पुरुषाने बाईबद्दल रंगवलेली कल्पना' आणि 'बाईने स्वतःच्या मनातलं लिहिलेलं प्रेमपत्र' ही दोन वाचनं एकसारखी राहत नाहीत. वाचक मजकुराबरोबर तो कुणी आणि कशासाठी लिहिला, हेही वाचत असतो.

'फिफ्टी शेड्स': कोट्यवधी वाचक, दोन बाजूंनी टीका

सोशल मीडियाच्या पिढीला हा वाद कळला तो ई. एल. जेम्स यांच्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'मुळे. 'ट्वायलाइट'वरची फॅन फिक्शन म्हणून सुरू झालेली ही गोष्ट २०११ मध्ये पुस्तकरूपात आली. २०१४ पर्यंत तिन्ही भागांच्या मिळून १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. वाचकांत स्त्रियांचं प्रमाण मोठं होतं.

टीका मात्र दोन वेगळ्या दिशांनी आली.

पहिली, घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्यांकडून. नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिच्या खाण्यापिण्यावर आणि मित्रांवर नियंत्रण ठेवतो. २०१३ मध्ये एमी बोनोमी आणि सहकाऱ्यांनी हिंसाचाराच्या अधिकृत व्याख्या लावून कादंबरी तपासली, तेव्हा जवळपास प्रत्येक प्रसंगात भावनिक छळ आढळल्याचं त्यांनी नोंदवलं. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या एका महिला संस्थेने तर २०१२ मध्ये या पुस्तकाच्या प्रती जाळण्याचं आवाहन केलं.

दुसरी, खुद्द बीडीएसएम करणाऱ्यांकडून. त्यांना पुस्तक फार तीव्र वाटलं नाही, ते चुकीचं वाटलं. संमतीची चर्चा दबावाखाली होते. नायकाची आवड म्हणजे बालपणीच्या जखमेचा परिणाम आणि प्रेमाने ती बरी होणार, असं चित्र उभं राहतं. आपल्याला रुग्ण ठरवलंय, ही त्यांची तक्रार.

मग कोट्यवधी वाचकांना काय आवडलं? समाजशास्त्रज्ञ एव्हा इलूझ यांनी २०१४ मधल्या पुस्तकात याचं एक उत्तर दिलं. आजच्या नात्यांमध्ये कुणी काय करायचं, कुणाला काय हवंय, हे सतत धूसर असतं. या गोष्टीत मात्र नियम लिहिलेले आहेत आणि शेवटी प्रेम जिंकतं. चाबकापेक्षा ही स्पष्टता लोकांना ओढून घेते.

प्रतिक्रिया इतक्या वेगळ्या का?

*कल्पना आणि इच्छा या दोन गोष्टी आहेत.* भयपट आवडणाऱ्याला आपल्या घरी भूत यावं असं वाटत नसतं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात सुमारे दीड हजार प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये जाहीर झाले. कुणाच्या तरी लैंगिक वर्चस्वाखाली असण्याची कल्पना कधी ना कधी मनात आल्याचं सुमारे ६५ टक्के स्त्रियांनी आणि ५३ टक्के पुरुषांनी सांगितलं. म्हणजे ही कल्पना दुर्मीळ नाही. पण ती मनात येणाऱ्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, ती प्रत्यक्षात नको होती.

*वाचताना सूत्रं वाचकाच्या हातात असतात.* पात्राला थांबता येत नाही, वाचकाला येतं. पुस्तक मिटलं की खेळ संपला. याच सुरक्षिततेमुळे काहींना तीव्र प्रसंगही झेपतात.

*प्रत्येकाकडे ही सुरक्षितता नसते.* ज्याने किंवा जिने खरा छळ सोसलाय, त्यांच्यासाठी तोच प्रसंग कल्पना राहत नाही, आठवण होऊ शकतो. इथेही सगळे सारखे नसतात. काही पीडित व्यक्ती अशा मजकुरापासून लांब राहतात. काहींना मात्र कथेत तरी सूत्रं आपल्या हातात असल्याचं समाधान मिळतं. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या.

*वाचक कुणाच्या जागी उभा राहतो, तेही महत्त्वाचं.* शरण जाणाऱ्याच्या, हुकूम देणाऱ्याच्या, की बाजूला उभं राहून पाहणाऱ्याच्या? 'ओ'च्या शेवटी एका पर्यायी शेवटाची नोंद येते. तिचा मालक तिला सोडून जाणार हे कळल्यावर ती मरण पसंत करते आणि तो संमती देतो. ओच्या आतून वाचणाऱ्याला ही समर्पणाची परिसीमा वाटते. बाहेरून पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

*अपेक्षा.* गोड प्रेमकथा समजून उघडलेल्या पुस्तकात अचानक शिक्षा आली तर वाचक फसवल्यासारखा चिडतो. तोच प्रसंग आधी माहीत असेल तर तो ठरवून वाचतो किंवा ठरवून टाळतो.

वाचणारा 'विकृत' असतो का?

नाही. पुस्तक वाचल्याने किंवा आवडल्याने असं निदान होत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या नियमावलीने वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांत स्पष्ट फरक केला. स्वतःला त्रास होत असेल किंवा संमती नसलेल्या व्यक्तीला इजा होत असेल, तरच विकाराचा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतून सॅडोमॅसोकिझम हे निदान वगळण्यात आलं. ही यादी २०२२ पासून लागू आहे.

मग वाचनाचा परिणाम होतच नाही का? बोनोमी यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १८ ते २४ वयोगटातल्या तरुणींचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'फिफ्टी शेड्स' वाचलेल्यांमध्ये छळ करणारा जोडीदार असल्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण आधी पुस्तक की आधी छळ, हे या अभ्यासातून ठरवता येत नाही, असं संशोधकांनीच नमूद केलं. व्हायरल पोस्टमध्ये नेमकं हेच वाक्य गळतं.

यावर वाचकांनी काढलेला तोडगा

फॅन फिक्शन वाचणाऱ्यांनी यासाठी एक व्यवस्था उभी केली. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या २००९ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर कथेच्या वरच हिंसा, संमतीचा अभाव यांबद्दलच्या सूचना आणि टॅग असतात. कथा रोखली जात नाही, वाचक बेसावध सापडत नाही.

याच वर्तुळात 'स्क्विक' हा शब्द वापरला जातो. एखादी गोष्ट वाचून किळस आली, पण ती आवडणाऱ्याला वाईट ठरवायचं नाही, अशा भावनेसाठी तो आहे. 'मला झेपत नाही' आणि 'हे चूक आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे त्या एका शब्दाने मान्य होतं.

भारतात काय?

२०१५ मध्ये 'फिफ्टी शेड्स'च्या चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं. पुस्तकं मात्र इथे दुकानांत उघडपणे विकली गेली. अश्लील पुस्तकांच्या विक्रीबाबत आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ लागू होतं. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मजकूर सुटा न पाहता संदर्भासह आणि आजच्या समाजाच्या मापाने पाहावा.

मराठीत याचं जुनं उदाहरण आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कादंबरी १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली. तिचा विषय बीडीएसएम नव्हता, पण वाचनाचा पेच हाच होता. खालच्या न्यायालयाला ती अश्लील वाटली नाही, उच्च न्यायालयाला वाटली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नाही म्हटलं. कायदा एकच, गोष्ट एकच, वाचणारे वेगळे.

थोडक्यात

अशा पुस्तकावरच्या प्रतिक्रियेतून पुस्तक आणि वाचक यांची गाठ कशी पडली, एवढं कळतं. ते आवडलं म्हणून कुणी हिंसेचं समर्थक ठरत नाही आणि नकोसं झालं म्हणून कुणी मागासलेलं ठरत नाही. पुस्तकात संमती कशी दाखवली आहे, हा प्रश्न मात्र दोघांनीही विचारण्यासारखा आहे. आणि गोष्ट पानावरून घरात आली, जोडीदार 'नाही' ऐकेनासा झाला, तर तो वाचनाच्या आवडीनिवडीचा विषय राहत नाही. तो हिंसाचार असतो. अशा वेळी महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहे.