नांगर विकणारा माणूस आणि तुमचे ४ क्रेडिट

एमबीए किंवा एमकॉम करणाऱ्या मित्राला मे महिन्यात फोन करून बघा. अर्धा वेळ तो एकाच विषयावर बोलेल : इंटर्नशिप कुठे मिळणार, पत्र कोण देणार, अहवाल कधी बांधायचा, व्हायवाला काय विचारतील. एमबीएत ही प्रथा जुनीच आहे. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत जायचं. आता नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या एमए, एमकॉम, एमएस्सीच्या पहिल्या वर्षालाही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलंय. त्याला ४ क्रेडिट. १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोज ८ तास धरले तर १५ दिवस.

काम करा आणि त्याचे गुण मिळवा, ही कल्पना आपल्याला एकदम आधुनिक वाटते. पण सातारा-सांगलीच्या पोरांना ती नवी वाटायचं कारण नाही. शंभर वर्षांपूर्वी ती इथे राबवली जात होती आणि तिचा हिशोब आजच्यापेक्षा वेगळा होता. आजचा भाग त्या हिशोबाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग जुन्या सातारा जिल्ह्यात होता, बाकीचा छोट्या-मोठ्या संस्थानांत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची मिळून आहे.

तर १९१० साल. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना हलवावा लागला होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळ जागा दिली. नुसता निवडुंगाचा माळ. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव स्वतः कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे पदवीधर नव्हते. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, पुढे तिथेच व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले, यंत्रांचं ज्ञान परदेशी मासिकं आणि पुस्तकं वाचून मिळवलं. वाडीत आसपासच्या खेड्यांतली माणसं कामाला आली. हातात आधी हत्यार आलं, शिक्षण त्यामागून.

माल कोणता? लोखंडी नांगर. आणि तो खपेना! लोखंडामुळे जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले ६ नांगर विकायला २ वर्षं लागली असं सांगतात. आता मार्केटिंगवाल्यांनो, तुम्हीच सांगा. असा माल विकायचा तर ऑफिसात बसून चालेल का? गावोगाव फिरावं लागणार, बांधावर बसून शेतकऱ्याशी बोलावं लागणार.

असं फिरणाऱ्यांमध्ये एक धिप्पाड तरुण होता. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचा, जन्म १८८७ चा, आजोळी कुंभोजला. शाळेच्या परीक्षांत फार काही चमकला नव्हता. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. हो, आपले कर्मवीर अण्णा! किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. पुढे धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात नांगरांचा कारखाना काढला, तेव्हा त्याच्या उभारणीतही ते होते.

मला या माणसाची ही विक्रेत्याची वर्षं फार महत्त्वाची वाटतात. आपण कर्मवीरांचा पुतळा बघतो, दाढी बघतो, जयंतीला हार घालतो. पण नांगर विकायला गेलेल्या माणसाला गावागावांत काय दिसलं असेल? कर्जाचा कागद वाचता येत नाही म्हणून फसलेला कुळवाडी. शाळा नाही म्हणून गुरांमागे जाणारी पोरं. आजच्या भाषेत बोलायचं तर भाऊरावांचं ‘फील्डवर्क’ काही वर्षं चाललं आणि त्याचा अहवाल म्हणून एक संस्था जन्माला आली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली.

साताऱ्यात धनिणीच्या बागेत बोर्डिंग चालायचं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम मुलंच करायची. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९२७ मध्ये गांधीजी हे बोर्डिंग पाहून गेले. मग १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. खिशात फीचे पैसे नसलेल्या पोराला इथे दार उघडं होतं. त्याने शेतात, बांधकामावर, बागेत काम करायचं आणि त्या श्रमावर शिकायचं. कमवा आणि शिका.

इथे थोडं थांबूया, कारण मुद्दा इथेच आहे.

तुम्ही कॉमर्सची मंडळी, ‘क्रेडिट’ला खतावणीत काय म्हणतात? जमा. मग कुणाच्या खात्याला जमा आणि कुणाच्या नावे, हे बघायला नको का? कर्मवीरांच्या खतावणीत मुलाचे श्रम मुलाच्याच खात्याला जमा व्हायचे. त्यातून फी वळती व्हायची, जेवण वळती व्हायचं आणि पोरगं कुणाचं उपकार न घेता ग्रॅज्युएट व्हायचं.

आता आजची नोंद बघा. विद्यार्थी कॉलेजची पूर्ण फी भरतो. मग कंपनीत जातो, बहुतेकदा बिनपगारी. जाण्या-येण्याचा, पुण्यात असेल तर कॉटबेसिसचा आणि मेसचा खर्च घरून. बदल्यात मिळतात ४ क्रेडिट. ज्याच्या घरी हा खर्च झेपतो तो चांगल्या कंपनीत जातो. माण किंवा जतच्या दुष्काळी गावातली मुलगी मग काय करते? ओळखीच्या दुकानातून शिक्का मारलेलं पत्र आणते. मार्क दोघांना सारखेच पडतात. शिक्षण मात्र एकालाच मिळतं.

आणि हे असंच असायला हवं, असं काही नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने हाच प्रयोग सुरू केला. २७ विद्यार्थी, एक आठवडा वर्ग, एक आठवडा कारखाना. कारखान्यातल्या कामाचे त्यांना पैसे मिळायचे. आपल्याकडेही १९६१ च्या अप्रेंटिसेस अॅक्टने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला. आयटीआयचा फिटर अप्रेंटिस म्हणून लागला तर त्याला पैसे मिळतात. एमबीएचा इंटर्न मात्र त्या कायद्यात आपोआप बसत नाही.

बरं, काम शिकायला पुण्यालाच जायला हवं का? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात. तासगावला बेदाण्याचे निघतात. दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, पतसंस्था आहेत. भाव कसा ठरतो, उधारी कशी वसूल होते, माल का पडून राहतो, हे १२० तासांत जेवढं तिथे कळेल तेवढं एसी ऑफिसात एक्सेल भरून कळणार नाही. फक्त त्या संस्थांनी इंटर्नला चहा-झेरॉक्सला न पाठवता सौद्याला उभं करायला हवं. आणि एसटीच्या पासाचे पैसे तरी द्यायला हवेत.

रयतचं ब्रीद आहे, ‘स्वावलंबी शिक्षण’. त्यात दोन शब्द आहेत. आजच्या इंटर्नशिपमध्ये निदान कागदावर तरी दुसरा आलाय. पहिला कॉलेजांकडून आणि कंपन्यांकडून मागून घ्यावा लागेल. तेव्हा पुढच्या वेळी फॉर्मवर सही करण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा : मला तिथे नक्की काय शिकवणार? आणि माझा खर्च कोण उचलणार?

तुम्ही इंटर्नशिप केली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. किती तास काम केलं, काय शिकलात, खिशातून किती गेले, एवढंच सांगा. कंपनीचं नाव नको. भेटू पुढच्या भागात!