डीझेलची मोटार आणि जवळचा पल्ला

रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञाचें इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वीपणें चाललें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगीनें इंधन पेटतें. डीझेलनें ठिणगीच वगळली. हवा इतकी दाबावयाची कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेटावें, ही त्याची युक्ति. इंधन वांचलें, पण इंजिन जड झालें. म्हणून तें आधीं कारखान्यांत व जहाजांवर रुळलें. १९३६ सालीं मर्सिडीझ-बेंझची २६० डी ही मोटार निघाली, तीहि दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीवाल्यांना विशेष मानवली.

भारतांत २०१० सालीं पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डीझेलचे मात्र २०१४ पर्यंत सरकारच्या हातीं राहिले. स्वस्ताईच्या मोहानें अनेक कुटुंबांनीं बाजार नि शाळा यांपुरतीहि डीझेलची गाडी घेतली. परंतु तिची जादा किंमत भरून निघते ती पुष्कळ धांव झाल्यावरच. पुढें २०२० सालीं भारत-स्टेज सहाचे नियम आले आणि डीझेलच्या गाड्यांस काजळी अडविणारी गाळणी लागली. ही काजळी जळून जाण्यास बराच वेळ टिकणारी उष्णता लागते. कोसभराच्या फेऱ्यांत ती मिळत नाहीं व गाळणी तुंबते. तेव्हां तेलाचा दर विचारण्यापूर्वीं रोजचा पल्ला मोजावा, हेंच शहाणपण.