अंगठ्याच्या मापाची सेफ्टी

उत्तर प्रदेशातील कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ रायफलची चर्चा बहुधा मारक पल्ला आणि स्वदेशी भागांच्या टक्केवारीभोवती फिरते. तिच्या उजव्या अंगावरील सेफ्टीच्या कळीला तर्जनीसाठी काढलेला छोटा कंगोरा मात्र बातमीत येत नाही. त्यामागे शतकभराचा इतिहास आहे.

१९१० च्या सुमारास अमेरिकी सैन्य जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाची परीक्षा घेत होते. मुठीच्या पाठीमागे एक कळ होतीच. तळहाताची पकड सुटली की चाप निकामी होई. घोडदळाची अडचण वेगळी होती. स्वाराचा एक हात लगामात गुंतलेला असे. ताणलेला हॅमर उरलेल्या एकाच हाताने खाली उतरवणे धोक्याचे होते. म्हणून डाव्या अंगाला, उजव्या अंगठ्याखाली येईल अशी स्वतंत्र कळ बसवली गेली आणि १९११ मध्ये पिस्तूल स्वीकारले गेले. १९२० च्या दशकात त्यात पुन्हा बदल झाले. चाप आखूड केला, त्यामागचा सांगाडा थोडा खोवला. हेतू हा की लहान हातांची बोटेही पोहोचावीत.

एके-४७ ने वेगळी निवड केली. तिची उजवीकडची लांब पत्र्याची कळ सेफ्टीच्या स्थितीत धूळ रोखणारे झाकणही बनते आणि जाड हातमोज्यांनीही हलते. किंमत एवढीच, की उजव्या हाताने नेम धरणाऱ्याला मुठीवरची पकड सैल करावी लागते. एके-२०३ चा कंगोरा ही उणीव भरून काढतो.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा टॉर्कचा प्रश्न आहे. कळ लांब केली तर कमी बलात फिरते, पण कपड्यांत अडकते. तिला जागी धरणारी स्प्रिंग ताठ केली तर ती अपघाताने सरकत नाही, पण अशक्त अंगठ्याला दाद देत नाही. हे समीकरण सोडवताना हाताचे माप गृहीत धरावेच लागते. ते कोणाचे?

इशापूरची १ए१ आणि पुण्याच्या एआरडीईने रचलेली इन्सास, दोन्हींची कळ डावीकडे, उजव्या अंगठ्यासाठी आहे. दहांपैकी सुमारे एक माणूस डावखुरा असतो. त्याला ती तर्जनीने किंवा पकड बदलून हलवावी लागते. शरीरमापांतही फरक असतो. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीयांच्या शरीरमापांचे संकलन १९९७ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीतून प्रसिद्ध केले, ते याच जाणिवेतून.

हाताला न पोहोचणारी कळ माणूस बहुधा उघडीच ठेवतो. मग अपघात झाला की नोंद होते ‘मानवी चूक’ अशी. प्रयोगशाळेतील एखादा आपत्कालीन स्विच तुमच्या हाताशी येत नसेल, तर आधी रचनेवर शंका घ्या, मग स्वतःवर.